सहा इंची आरशावरून वाद

सहा इंची आरसा बाजारात तयार मिळतो. पॉलिश केलेला, अ‍ॅल्युमिनियमचा थर चढवलेला, खोक्यात नीट बांधलेला. दुर्बिणीच्या नळीत बसवला की त्याच रात्री शनीची कडी बघता येतात. मग चिंचवडच्या एका कारखान्याच्या टूलरूममधून निवृत्त झालेला माणूस गच्चीत लोखंडी पिंपाभोवती गोल फिरत, दोन काचा एकमेकींवर घासत आठवडेच्या आठवडे का घालवतो? प्रश्न त्याच्या भाचीचा. ती व्हिडिओ संपादनाचं काम करते. मोबाइलवर बघायचे चाळीस-पन्नास सेकंदांचे तुकडे जोडणं हा तिचा रोजचा उद्योग. मामांनी उत्तर दिलं ते जरा चढ्या आवाजात: "दिवसभर दुसऱ्याने केलेलं बघत बसण्यापेक्षा हे बरं." तिथून जो वाद पेटला, तो रविवारची दुपार सरली तरी चालूच होता.

"बघणं म्हणजे काहीच न करणं, हे तू आधीच ठरवून टाकतोस," भाची म्हणाली. "जेम्स वेब दुर्बिणीची चित्रं जुलै २०२२ मध्ये आली तेव्हा मी ती तासन्‌तास मोठी करून पाहिली. साडेसहा मीटरचा आरसा, बेरिलियमचे अठरा षट्कोनी तुकडे, वर सोन्याचा थर. आणि आकाशदर्शनाच्या कार्यक्रमाला गेले होते तेव्हा सहा इंची दुर्बिणीतून मृगातला तेजोमेघ पाहिला, तर काय दिसलं? राखाडी, धुरकट ठिपका. उत्तम चित्र फुकट मिळत असताना कमी चांगलं बघण्यासाठी एवढी मेहनत कशाला?"

हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. स्वतः काही बनवा, असं सांगणारे लोक बहुतेक वेळा याच ठिकाणी गप्प होतात, कारण घरी केलेली वस्तू बाजारातल्यापेक्षा चांगली होईलच असं त्यांना छातीठोकपणे म्हणता येत नाही. मामाही तसं म्हणाले नाहीत. ते आत गेले आणि काच घेऊन आले.

काचेचे दोन जाड गोल लागतात. एक खाली, पिंपावर पक्का बसवलेला. दुसरा वर, हातात. मध्ये पाणी आणि सिलिकॉन कार्बाइडची पूड, सुरुवातीला ८० नंबरची, खरखरीत. वरची काच पुढे-मागे सरकवताना ती खालच्या काचेच्या कडेबाहेर जाते, तेव्हा वरच्या काचेच्या मध्यावर आणि खालच्या काचेच्या कडेवर दाब जास्त येतो. परिणामी वरची काच मधोमध खोल होत जाते, खालची फुगीर. काही फटके मारायचे, वरची काच हातात थोडी फिरवायची, आपण पिंपाभोवती एक पाऊल सरकायचं, पुन्हा फटके. गोल गोल.

"आता गंमत ऐक," मामा म्हणाले. "आमच्या टूलरूममध्ये अचूक काम करायचं तर अचूक मशीन लागायचं. इथे उलटं आहे. माझे फटके सारखे नसतात, पाऊल कधी लांब पडतं कधी आखूड, आणि म्हणूनच काम बरोबर होतं. दोन पृष्ठभाग कुठल्याही दिशेने सरकवले तरी एकमेकांना चिकटून राहायचे असतील, तर त्यांचा आकार गोलाचा भागच असावा लागतो, दुसरा असूच शकत नाही. जिथे उंचवटा असेल तिथे घर्षण जास्त, तो आपोआप झिजतो. माझ्या हाताच्या चुका इकडेतिकडे विखुरतात आणि एकमेकींना खोडून काढतात."

८० नंतर १२०, मग २२०, मग त्याहून बारीक. प्रत्येक पूड आधीच्या पुडीने पाडलेले खड्डे नाहीसे करते. पूड बदलताना पिंप, बादली, हात, नखं, सगळं धुऊन काढावं लागतं, कारण जाड पुडीचा एकच दाणा मागे राहिला तर तो बारीक कामात लांबलचक ओरखडा पाडतो आणि एक पायरी मागे जावं लागतं. नाभीय अंतर चार फूट ठेवलं, तर सहा इंची काचेला मध्यभागी पडणारा खळगा जेमतेम १.२ मिलिमीटर खोल असतो. एवढ्याशा खळग्यासाठी ही सगळी खटपट. त्यानंतर पॉलिश: राळेपासून केलेल्या पिचचा थर खालच्या काचेवर ओतायचा, त्यावर चौकोनी खाचा पाडायच्या आणि सेरियम ऑक्साइडच्या गुलाबीसर पाण्यात आरसा तासन्‌तास फिरवायचा. मामांचा आरसा आता या टप्प्यावर होता.

भाचीने काच उजेडात धरून पाहिली. मग म्हणाली, "सुंदर आहे. पण तुला ती सुंदर वाटणारच, तूच केली आहेस ना. याच्यावर संशोधन झालंय. नॉर्टन, मोचॉन आणि एरिएली या तिघांनी २०१२ साली ते प्रसिद्ध केलं. लोकांना कागदाचे बेडूक आणि करकोचे करायला दिले. स्वतः केलेल्या वेड्यावाकड्या घड्यांना ते जवळजवळ तज्ज्ञाने केलेल्याइतकी किंमत द्यायला तयार होते. बाकीच्यांना त्यात काही राम दिसला नाही. आयकियाच्या दुकानातलं फर्निचर घरी जोडणाऱ्यांचंही तसंच, म्हणून त्याला आयकिया इफेक्ट म्हणतात. म्हणजे स्वतः करण्यातला आनंद हा बराचसा स्वतःवरचा लोभ आहे."

हा घाव वर्मी लागणारा होता. हाताने केलेल्या वस्तूंबद्दल जे हळवं बोललं जातं, त्यातला मोठा भाग या एका अभ्यासाने उघडा पडतो. मात्र आरशाची गोष्ट कागदी बेडकापेक्षा निराळी आहे.

फ्रान्सच्या लेऑन फूकोने १८५८ मध्ये आरसा तपासायची एक रीत सांगितली. अंधाऱ्या खोलीत आरसा उभा करायचा. त्याच्या वक्रतेच्या केंद्रापाशी, म्हणजे नाभीय अंतराच्या दुपटीवर, सुईच्या छिद्राएवढा दिवा ठेवायचा. आरशाकडून परत येणारा प्रकाश जिथे एका बिंदूत मिळतो तिथे दाढीच्या ब्लेडची धार हळूहळू आडवी आणायची आणि तिच्या कडेने आरशाकडे बघायचं. आरशाच्या पृष्ठभागावरचे उंचसखल भाग अशा वेळी कोणी बाजूने उजेड टाकल्यासारखे डोळ्यांपुढे उभे राहतात. चांगल्या आरशात ७० नॅनोमीटरच्या आसपासची चूकही फार मानतात. माणसाच्या केसाच्या जाडीचा हा साधारण हजारावा भाग. ती चूक एक ब्लेड आणि एक दिवा दाखवून देतात.

"टूलरूममध्ये आमच्यासाठी मायक्रॉन म्हणजे शेवटची पायरी होती," मामा म्हणाले. "इथे मायक्रॉन म्हणजे ढोबळ काम. आरशावर अंगठा काही सेकंद टेकवून उचल आणि मग ब्लेडच्या कडेने बघ. तुझ्या अंगठ्याच्या उबेने काच फुगलेली असते, तिथे टेकडी दिसते. थंड झाली की ती बसते. आता मला सांग, इथे माझा लोभ काय कामाचा? मी कितीही जीव लावला असला तरी कडेला उतार आला असेल तर ब्लेड तो दाखवतंच. मागच्या महिन्यात मधोमध खड्डा निघाला. मान्य करावा लागला, पुन्हा घासावं लागलं."

भाचीला हे पटलं, निदान तिने विषय बदलला नाही. ती म्हणाली, "म्हणजे वस्तू उलट उत्तर देते, हे तुझं म्हणणं."

"देतेच. आणि एकदा ते उत्तर ऐकायची सवय लागली की दुसऱ्याने केलेलंही वेगळं दिसायला लागतं. हबलचं उदाहरण घे." १९९० मध्ये हबल दुर्बीण अवकाशात गेली आणि तिची चित्रं पुसट आली. २.४ मीटरचा तिचा आरसा अत्यंत गुळगुळीत होता, पण आकार चुकला होता. कडेपाशी तो सुमारे २.२ मायक्रॉनने जास्त सपाट झाला होता. कारण आरसा तपासणाऱ्या उपकरणातलं एक भिंग १.३ मिलिमीटर चुकीच्या जागी बसलं होतं. त्याहून साध्या दुसऱ्या चाचण्यांनी गडबड असल्याचं दाखवलं होतं. त्यांच्यावर कोणी विश्वास ठेवला नाही. डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी जाऊन दुरुस्ती केली. "ही बातमी मी तेव्हा वाचली होती आणि विसरून गेलो होतो," मामा म्हणाले. "आरसा घासायला लागल्यावर पुन्हा वाचली तेव्हा अंगावर काटा आला. दोन मायक्रॉन म्हणजे काय ते आता हाताला कळतं. तू जेम्स वेबची चित्रं बघतेस, मी त्या अठरा आरशांच्या कडा कशा घासल्या असतील याचा विचार करत बघतो. दोघेही बघतोच आहोत. पण माझ्याकडे विचारायला प्रश्न आहेत."

इथे मामांचं पारडं जड झालं होतं, आणि भाचीने ते नेमकं अशा माणसाच्या नावाने वर उचललं, ज्याला महाराष्ट्रात कोणी नाकारू शकत नाही.

"दादासाहेब फाळके," ती म्हणाली. "ते आधी प्रेक्षक होते की नाही?"

होते, आणि कसे! १९११ च्या सुमारास गिरगावातल्या चित्रपटगृहात त्यांनी ख्रिस्ताच्या आयुष्यावरचा मूकपट पाहिला आणि राम-कृष्ण पडद्यावर असे कधी येतील, या विचाराने त्यांना पछाडलं. त्यानंतर ते झपाटल्यासारखे रोज चार-चार, पाच-पाच तास सिनेमे बघत. घरी येऊन छोट्या यंत्रावर फिती लावत, भिंतीवर पाडून पुन्हा बघत. झोप उडाली, डोळ्यांनी दगा दिला, काही काळ दिसेनासं झालं; उपचारांनंतर दृष्टी परतली. म्हणजे भारतीय चित्रपटाचा जनक हा आजच्या भाषेत पडद्याचं व्यसन लागलेला माणूस होता. भाची हे सगळं सांगताना खुशीत होती. तिच्या व्यवसायाचा तो मूळपुरुष आहे.

"बरोबर," मामा म्हणाले, "पण तोच सिनेमा गिरगावात आणखी किती लोकांनी पाहिला असेल! त्यांनी का नाही काढला?"

याचं उत्तर फाळक्यांच्या आधीच्या पंचवीस वर्षांत आहे. जे. जे. कला विद्यालय, मग बडोद्याचं कलाभवन, छायाचित्रण, पुरातत्त्व खात्यात फोटोग्राफरची नोकरी, शिळाछाप, रवि वर्म्यांच्या छापखान्यासाठी काम, स्वतःचा छापखाना, जादूचे प्रयोग. पडद्यावरची हलती चित्रं बघताना त्यांच्या मनात रसायनं, भिंगं, फितीची भोकं, प्रकाशाचा कोन असं सगळं एकाच वेळी फिरत असणार. १९१२ च्या फेब्रुवारीत ते लंडनला गेले, विल्यमसन कॅमेरा घेऊन आले. भांडवल देणाऱ्यांना पटवायला त्यांनी काय केलं? कुंडीत बी पेरलं, समोर कॅमेरा मांडला आणि महिनाभराहून जास्त काळ रोज थोडं थोडं चित्रण करत वेलाची वाढ टिपली. 'अंकुराची वाढ' ही जेमतेम मिनिटाभराची फीत. ३ मे १९१३ रोजी कोरोनेशन चित्रपटगृहात 'राजा हरिश्चंद्र' लागला, त्याच्या मुळाशी हे रोप आहे. आज भाचीच्या टेबलावर रोज येतात त्याच लांबीची ती फीत होती, हा तपशील तिला माहीत नव्हता आणि तो ऐकून ती क्षणभर हरखली.

"मग भांडण कशाला?" ती म्हणाली. "बघणंही हवं, हातही हवा."

"भांडण बघण्याशी नाही. न संपणाऱ्या बघण्याशी आहे. फाळके चार तास बघायचे, मग घरी यायचे, आणि तो खेळ संपलेला असायचा."

या बाबतीत भाचीला आतली माहिती मामांपेक्षा जास्त होती, आणि तिने ती लपवली नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि डेटा जवळपास फुकट झाला. जून २०२० च्या अखेरीस टिकटॉकवर बंदी आली, जुलैत इन्स्टाग्रामने भारतात रील्स सुरू केली. बोटाने सरकवत राहिलं तरी पान कधी संपतच नाही, ही मांडणी अझा रस्किन याने २००६ मध्ये केली. पुढे त्याने स्वतःच तिच्याबद्दल जाहीरपणे खंत व्यक्त केली. "पहिल्या दोन-तीन सेकंदांत बघणाऱ्याचं बोट थांबलं नाही तर आमचं दिवसभराचं काम वाया," भाची म्हणाली. "म्हणून मी सुरुवात अशी कापते की बोट थांबलंच पाहिजे. मीही बनवतेच, मामा. रंग जुळवते, आवाज साफ करते, एका कटसाठी अर्धा तास डोकं लावते. तुझ्या काचेइतकीच माझ्या कामाला नजर लागते. फक्त ते बघणाऱ्याला यातलं काही कळू नये, अशी आमची रीतच आहे. त्याला थांबून विचार करायला जागा ठेवली तर तो पुढे निघून जातो."

हे ती कळवळून बोलली. बनवणाऱ्यांचे कष्ट आणि बघणाऱ्यांची सुस्ती असा सरळ हिशेब मांडणाऱ्यांनी इथे थांबायला हवं. आज पडद्यामागे जेवढे लोक खपून काम करतात तेवढ्यांनी पूर्वी कधी केलं नसेल. त्यांच्या कौशल्याचा उपयोग समोरच्याला विचार करू न देण्यासाठी होतो, ही खरी दुःखाची बाब आहे.

मामांकडे मग त्यांचं आवडतं उदाहरण होतं: विल्यम हर्शेल. जर्मनीतल्या हॅनोव्हरचा वादक, इंग्लंडमधल्या बाथ गावात ऑर्गन वाजवणारा आणि शिकवण्या घेणारा. चांगली दुर्बीण विकत घेणं परवडेना म्हणून १७७३ पासून त्याने स्वतः आरसे घासायला सुरुवात केली. तेव्हा दुर्बिणीच्या आरशासाठी काच वापरत नसत, तांबं-कथलाचा मिश्रधातू ओतून आरसे करत. १३ मार्च १७८१ च्या रात्री, घरामागच्या बागेत, सुमारे सहा इंची आरशाच्या स्वतः केलेल्या दुर्बिणीतून त्याला मिथुन राशीपाशी एक तारा बिंदूसारखा न दिसता छोट्या चकतीसारखा दिसला. त्याला आधी तो धूमकेतू वाटला. तो युरेनस होता. "आणि हे बघ," मामा पुढे सरसावून म्हणाले, "युरेनस त्याच्याआधी लोकांनी पाहिलेला होता! फ्लॅमस्टीडने १६९० मध्ये तारा म्हणून त्याची नोंद केली होती. फ्रान्सच्या ल मोनिएने तर अनेकदा केली. सगळ्यांनी पाहिला, कोणी ओळखला नाही. हर्शेलला आपला आरसा तारा कसा दाखवतो हे इतकं पाठ होतं की, हा तारा नाही हे त्याला लगेच कळलं."

वादातला हा मामांचा सगळ्यात बळकट मुद्दा, आणि तो खराही आहे. पण याच क्षणी इतका वेळ मटार सोलत बसलेल्या मामी बोलल्या.

"तो घासत असताना जेवायचा कधी?"

प्रश्न सरळ होता आणि इतिहासात त्याचं उत्तर आहे. धातूचा आरसा पॉलिश करताना शेवटी हात काढून चालत नसे. एकदा हर्शेल सलग सोळा तास आरशावरून हात न काढता बसला होता आणि त्याची बहीण कॅरोलिन त्याला घास भरवत होती. ती त्याला कादंबऱ्या वाचून दाखवत असे, 'डॉन किहोते' आणि अरबी सुरस कथा. साच्याच्या मातीसाठी घोड्याची लीद कुटून चाळण्याचं कामही घरात होतं, त्यात तिचा हात होता. घराची एकेक खोली कारखाना होत गेली याचं दुःख तिने आठवणींत लिहून ठेवलं आहे. ती गायिका म्हणून तयार होत होती, व्यासपीठावर गात होती. भावाच्या ताऱ्यांपायी ते सुटलं.

"म्हणजे भाऊ आरसा करत होता आणि बहीण कथा ऐकवत होती," भाची म्हणाली. "ती त्याचा पॉडकास्ट होती आणि स्वयंपाकघरही."

"फाळक्यांकडेही तेच," मामी म्हणाल्या. त्यांनी सरस्वतीबाईंबद्दल वाचलेलं होतं. फितीला भोकं पाडणं, अंधारात रसायनांत ती धुणं, उन्हात तासन्‌तास पांढरी चादर धरून उजेड परतवणं, आणि एवढं करून साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक. "तुम्ही म्हणता बनवा. बायका बनवतच होत्या. पापड, कुरडया, लोणची, गोधड्या, लोकर. त्याला कोणी छंद म्हटलं नाही. पापड विकत आणायला लागले तेव्हा उन्हाळ्याची दुपार पहिल्यांदा माझी झाली. त्या दुपारी मी मालिका बघितल्या, पुस्तकं ऐकली. तेही दुसऱ्यानेच केलेलं. पण मला त्या वेळी तेच हवं होतं."

गिरगावातच १५ मार्च १९५९ रोजी सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, तो लिज्जतचा आरंभ. एकीच्या घरचं न मोजलेलं काम दुसरीच्या घरी मजुरीचं आणि मालकीचं काम झालं. मामींची दुपार मोकळी झाली ती अशा अनेक हातांमुळे. विकत घेणं म्हणजे आळस, असं सरसकट म्हणणाऱ्याने हा हिशेब नजरेआड केलेला असतो. स्वतः बनवण्याला निवांत वेळ लागतो आणि आपल्या घरांत तो वेळ सारखा वाटलेला नाही. सेवानिवृत्त पुरुषाकडे तो आपोआप येतो, त्याच्या बायकोकडे येत नाही. प्रस्तुत लेखकाला या सगळ्या वादात मामींचा हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

मामांनी तो टोलवला नाही. फक्त एवढं सांगितलं की कॅरोलिनची गोष्ट तिथे संपत नाही. विल्यमने तिच्यासाठी छोटी दुर्बीण करून दिली, आणि १ ऑगस्ट १७८६ ला तिने पहिला धूमकेतू शोधला. १७९७ पर्यंत आठ झाले. १७८७ पासून राजाने तिला वर्षाला पन्नास पौंड पगार दिला; विज्ञानाच्या कामासाठी पगार घेणाऱ्या पहिल्या स्त्रियांत तिचं नाव येतं.

"दुर्बीण हातात आल्यावर झालं ना हे," मामी म्हणाल्या. "घास भरवताना नाही."

यानंतर संभाषण जरा मोकळं झालं. भाचीने अरविंद गुप्तांचा विषय काढला. आयआयटी कानपूरचे इंजिनिअर, पुण्यात टेल्कोत नोकरी, १९७८ मध्ये रजा घेऊन ते होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. सायकलच्या व्हॉल्व्हच्या नळीचे तुकडे आणि आगपेटीच्या काड्या एवढ्यावर त्यांनी भूमिती उभी केली. काड्यांचा चौकोन करा, बोटाने ढकला, तो कलतो. त्रिकोण करा, तो हलत नाही. पूल आणि छपरांच्या कैच्यांमध्ये त्रिकोण का असतात हे पाचवीतल्या मुलाच्या बोटांना समजतं. पुढे पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत, पु. ल. देशपांडे यांच्या प्रतिष्ठानाच्या देणगीतून झालेल्या मुलांच्या विज्ञान केंद्रात त्यांनी बरीच वर्षं काम केलं. "आणि त्यांची खेळणी घरोघरी पोचली कशी?" भाचीने विचारलं. "व्हिडिओंमुळे. मराठीसकट कितीतरी भाषांत. मीच लहानपणी बघून केली होती. म्हणजे पडदा मुलांच्या हातात काडी देऊ शकतो. तो कसा कापायचा यावर आहे सगळं."

मामांनी त्याला जोड दिली आयुकाच्याच संस्थापकाची. जयंत नारळीकर व्याख्यानाला गेले की मुलं स्वाक्षरीसाठी गराडा घालत. ते म्हणत, स्वाक्षरी अशी मिळणार नाही. पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठवा, उत्तरासोबत सही येईल. अशी कितीतरी कार्डं त्यांनी लिहिली. मोठ्या माणसाला नुसतं बघून परतणाऱ्या मुलाला घरी जाऊन प्रश्न तयार करावा लागे, आणि प्रश्न तयार करणं हीही एक घडण आहे. भाचीने ही गोष्ट मोबाइलवर टिपून घेतली.

मग तिने आपला बेत सांगितला. मामा पुढे आठ इंची आरसा करणार आहेत, तो पहिल्या फटक्यापासून ती चित्रित करणार. लांब फीत, घाईचे कट नाहीत. ओरखडा पडला तर तो दाखवायचा, आरसा पुन्हा मागच्या पुडीवर न्यावा लागला तर तेही. मामांची अट एकच होती: ८० नंबरची सगळी घासाई तिने स्वतः करायची, कॅमेरा मागाहून. तिला ही अट जाचक वाटली. ती म्हणाली, "मी घासायला लागले तर चित्रण कोण करणार?" यावर दोघांचं एकमत झालं नाही. ती आधी चित्रण करून बघते म्हणते. ते म्हणतात, हाताला काच माहीत नसताना कॅमेरा कुठे ठेवायचा हेच कळणार नाही.

मामींनी मटारचं ताट बाजूला केलं. "आठ इंचीचं तुमचं तुम्ही ठरवा. मला या सहा इंचीची ती ब्लेडची चाचणी बघायची आहे. इतके महिने घरात चाललंय, एकदाही दाखवली नाहीत."

मामा म्हणाले, आज रात्रीच बघू. आरसा पुरेसा पॉलिश झाला आहे, डाग दिसले तरी आकार दिसेल. पॅसेजमध्ये मांडावं लागेल, दिवे बंद, पंखे बंद, कारण हवा हलली की चित्र थरथरतं. फ्रिजही थोडा वेळ बंद, त्याची थरथर जमिनीतून येते. काच खोलीच्या तापमानाला यायला तास-दीड तास लागतो, म्हणून आत्ताच स्टँडवर ठेवायला हवी. आणि अंगठा कोणी लावायचा, तर मामींनी.

"आठ फूट पुरतील?" भाची मोजपट्टी घेऊन पॅसेजच्या टोकाला बसली.

"दिवा आणि डोळा मागे हवा. साडेनऊ तरी बघ."

दाराची चौकट धरून नऊ फूट आठ इंच भरले.